माणूस नसलेले फोटो

सरोजताई पाण्याकडे बघत नसत, पाण्याच्या काठाकडे बघत. "मध्ये काय असतं? मध्ये नुसतं आभाळ दिसतं," असं त्यांचं म्हणणं. खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघंही काठाला असतात, तेव्हा बघायचं तर काठ बघ, हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं. प्रयोगशाळेत काचेची नळी कशी धरायची हे शिकवताना जो आवाज लावत, त्याच आवाजात. त्यांच्याकडे आवाज एकच होता. साहेबांशी, शिपायाशी, बसच्या कंडक्टरशी आणि तारेवरच्या खंड्या पक्ष्याशी त्या त्याच आवाजात बोलत.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघी प्रयोगशाळेत कामाला होतो. त्या बारा वर्षं जुन्या, मी नवी, विठ्ठलवाडीच्या चाळीतून रोज येऊन-जाऊन करणारी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही. पाटी केव्हाच बदलली आहे, आणि नाव घेतल्याने माझी सुटका होणार नाही. सरोजताई तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या, लग्न केलेलं नव्हतं, दोन खोल्यांत आईबरोबर राहायच्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेले पक्ष्यांचे काळेपांढरे फोटो. सकाळी आई उदबत्ती लावायच्या तेव्हा धूर बुद्धाकडून निघून टिबुकली आणि शेकाट्यापर्यंत पोचायचा, आणि त्या माउलीला त्यात काही वावगं वाटत नसे.

कामात त्या छळवादी होत्या, हे मेलेल्या माणसाबद्दल बोलताना लपवतात तसं मी लपवणार नाही. भांडं तीन वेळा धुवायचं म्हणजे तीन वेळाच. मी दोनदा धुतलं तर त्या उठून ते तिसऱ्यांदा धुवून माझ्यासमोर ठेवत. मला संताप यायचा. एकदा मी तोंडावर म्हणालेही, "ताई, इथं रंग करतात, औषध नाही करत." त्या म्हणाल्या, "घाई असेल तर घरी जा." हे वाक्य दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकायला मिळायचं. माझ्या वाट्याला जास्त आलं.

त्यांच्या दोन सुती साड्या होत्या, रविवारच्या. कारखान्यात नमुन्याचा रंग उरायचा, त्यातले चारपाच मिसळून त्यांनी त्या साड्या गाळाच्या रंगात बुडवून काढल्या होत्या. हुबेहूब तळ्याकाठच्या चिखलाचा रंग. पॅकिंगमधल्या बायका चिडवायच्या, "सरोज, एवढ्या रंगांच्या कंपनीत राहून तुला हाच सापडला?" ताई म्हणत, "पाखरांना विचारा." त्या साडीत त्या काठावर बसल्या की खरोखरच दिसेनाशा व्हायच्या. मी केळीचिवडा काढायला पिशवीत हात घालायचे, वर बघायचे, आणि माझ्या शेजारी कोणी नसायचं. नीट पाहिल्यावर आधी चष्मा दिसायचा, मग ताई.

तळं होतं बदलापूरच्या पुढे, खरवई मागे टाकून चामटोलीच्या बाजूला जाताना रस्ता सोडून आत. त्याला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं, आम्हीही तळंच म्हणायचो. मला ते पहिल्यापासून आवडलं नाही, आता सांगायला हरकत नाही. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला बाभळी, आणि मध्ये पाण्यात उभे असलेले सात-आठ वाळके बुंधे, ज्यांवर पाणकावळे पंख पसरून बसायचे. तिथं वारा पडला की इतकं शांत व्हायचं की आपण बोललो तर काहीतरी उठेल असं वाटायचं. ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "उठेल ना, अडई उठेल." आणि खरंच चाळीसएक अडई बदकं शिट्ट्या घालत उठली.

कॅमेरा जुना होता. उल्हासनगरच्या कॅम्पात लछूभाई म्हणून एका सिंधी गृहस्थाचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनी तो ताईंना मिळवून दिला होता, लांब नळकांड्याच्या भिंगासकट. एक रोल छत्तीस फोटोंचा, आणि तो तीन महिने पुरवायचा हा ताईंचा हट्ट. म्हणजे एका रविवारी तीन फोटो, फार तर चार. त्यामुळे त्या तासन्‌तास कॅमेरा डोळ्याला लावून बसत आणि बटण दाबत नसत. त्यांच्या फोटोत पक्षी आणि पाणी आणि गवत, एवढंच चालायचं. म्हैस नको, विजेचा खांब नको, कपडे धुणारी बाई नको, कुणाची सावलीसुद्धा नको. "थांब, फ्रेम साफ होऊ दे," असं म्हणून त्या अर्धा तास थांबत. एकदा पाण्यावर उतरलेला थापट्या बदकांचा थवा एवढ्यासाठी हातचा गेला, की पलीकडे एक आजीबाई म्हशीला हाकत होत्या. मी हळहळले. ताई म्हणाल्या, "आजी गेल्या, बदकं गेली. पुढच्या वर्षी येतील." कोण येतील ते त्यांनी सांगितलं नाही.

लछूभाई त्यांची फार थट्टा करायचे. "दीदी, छत्तीस में छत्तीस चिड़िया. लोग मेरे पास शादी लाते हैं, मुंडन लाते हैं, आप मच्छर खाने वाली चिड़िया लाती हो. कभी एक आदमी तो लाओ." ताई म्हणायच्या, "आदमी आपके पास बहुत हैं." लछूभाई हसत आणि त्यांचे फोटो मात्र स्वतः अंधाऱ्या खोलीत जाऊन धुवायचे, नोकराला हात लावू देत नसत.

तळ्यापलीकडच्या वाडीतल्या लोकांना आधी वाटायचं की आम्ही जमीन मोजायला येतो. खरवईला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या, आणि वही-पेन्सिल घेऊन शेताच्या कडेला बसणारं माणूस म्हणजे आज ना उद्या कुणाची तरी जागा जाणार, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. एका म्हातारीने एकदा आमच्यासमोर येऊन विचारलंच, "काय मापतेस गो बाय?" ताई उत्तर देणार तोच मागून बाळाराम आला. बाळाराम त्याच वाडीतला, आमच्या कारखान्याच्या ठेकेदाराच्या टँकरवर ड्रायव्हर. कंपनीच्या गेटवर रोज दिसायचा. तो म्हातारीला म्हणाला, "आमचे कंपनीतली ताई हाय. पाखरांचं फोटू काढते. जागेचा काय नाय." तेव्हापासून वाडीचा संशय गेला. बाळारामची बायको हिरा आम्हाला ताकाचा तांब्या आणून द्यायला लागली. बाळाराम दर वेळी एकच गोष्ट मागायचा. "ताई, माजा पन येक फोटू काढा ना." ताई म्हणायच्या, "बाळाराम, माझ्या फोटोत माणूस नसतो." तो मला म्हणायचा, "तुमचे ताईचा हाट हाय बाकी." पण रागवायचा नाही.

रविवारी सकाळी आठ-साडेआठला त्याचा टँकर तळ्यावर यायचा. इमारतींच्या कामाला त्या तळ्यातून टँकर भरून जायचे, सगळेच जायचे, त्यामुळे बाळारामही सुट्टीच्या दिवशी परस्पर दोन पैसे मिळवत असेल असं आम्ही धरून चाललो. टँकर पाठ पाण्याकडे करून उभा राहायचा, नळी पाण्यात, आणि बाळाराम बिडी ओढत बसायचा. ताई वैतागायच्या. पूर्वेचा उजेड नेमका त्या वेळी चांगला असायचा आणि नेमका तो टँकर मधोमध. त्या थांबायच्या. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. टँकर गेला, खळबळ निवली, की मग पक्षी पुन्हा काठावर यायचे आणि ताई फोटो घ्यायच्या. त्यांच्या वहीत तशी नोंद असायची: टँकर, बावीस मिनिटं थांबले, नंतर कमळपक्षी दोन. मी ती वही नंतर पुष्कळदा डोळ्यांपुढे आणली आहे.

आधी टिबुकली गेली. हे छोटंसं पाणपाखरू, दिवसभर बुड्या मारणारं. ताई म्हणाल्या, "बुडी मारणारा पक्षी गेला, नलू. काठावर चालणारे आहेत अजून." मला त्यातलं काही कळलं नाही. मग पाणकावळे येईनासे झाले, बुंधे नुसतेच उभे राहिले. थंडीची बदकं आली, एक चक्कर मारली आणि न उतरता गेली. ताई वहीत लिहीत राहिल्या. आकडे उतरत गेले, आणि त्यांचं माझ्याशी बोलणंही.

डिसेंबरातला एक रविवार होता. काठावर एक जांभळी पाणकोंबडी उभी होती. एरवी हा पक्षी भयंकर लाजरा, वीस पावलांवरून गवतात घुसतो. आम्ही पंधरा पावलांवर गेलो, ती हलली नाही. दहा पावलांवर गेलो. पाच पावलांवर. तिच्या डोक्यावरची लाल पट्टी मला इतक्या जवळून प्रथमच दिसत होती, आणि मी खुळ्यासारखी हरखून गेले. हळूच म्हणाले, "ताई, ओळखायला लागली आपल्याला."

ताईंनी कॅमेरा उचललाच नव्हता. त्या म्हणाल्या, "ओळखत नाही ती. तिला पळता येत नाहीये."

त्या खाली बसल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं. मग हात माझ्यापुढे धरला. बूटपॉलिशसारखा वास, त्याखाली कडवट काहीतरी. हा वास आम्हा दोघींना रोजचा होता. आमच्या कारखान्यातल्या नऊ नंबरच्या टाकीचा वास होता तो. त्या टाकीतलं पाणी शुद्ध करायला पाठवलं जातं असं कागदोपत्री होतं, आणि पाठवलेल्या प्रत्येक टँकरच्या नमुन्याखाली आम्हा दोघींपैकी एकीची सही होती. मी ताईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांच्या साडीचा काठ पाण्यात भिजला होता आणि तो पिवळसर लाल झाला होता. टँकर तिथून पाणी नेत नव्हता, आणून ओतत होता, हे त्या क्षणी दोघींनाही कळलं.

पक्षी गेले असते तर ताईंना वाईट वाटलं असतं, त्या रडल्याही असत्या कदाचित. पण त्यांना खरी भीती वेगळीच होती. वाडीची विहीर मार्चमध्ये आटायची. एप्रिलमध्ये तळंही आटायचं, आणि मग बायका तळ्याच्या मधल्या गाळात हातभर खड्डे खणून त्यात झिरपून येणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायच्या. दोन महिने अख्खी वाडी त्याच पाण्यावर. हे आम्हाला हिरानेच सांगितलं होतं, ताक देताना. ताई म्हणाल्या, "आपल्याकडे मार्चपर्यंत वेळ आहे." आपल्याकडे म्हणाल्या, म्हणजे त्यात मीही आले.

त्यांनी बाटलीतून पाणी आणलं, दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून ते तपासलं. शंकेला जागा नव्हती. ताईंनी अहवाल लिहिला, खाली स्वतःची सही केली, आणि फोटोंचा अल्बम काखेत मारून त्या कल्याणला एका सरकारी कचेरीत गेल्या. तिथला अधिकारी सभ्य होता म्हणे. त्याने अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "फार सुंदर फोटो आहेत, बाई. पण यात टँकर कुठे आहे?"

ताई म्हणाल्या, "तो जाईपर्यंत मी थांबले होते."

गेल्या पावसाळ्यापासूनचे रविवार होते त्या अल्बममध्ये. टँकर ज्या जागी उभा राहायचा ती जागा जवळजवळ प्रत्येक फोटोत होती, चाकांच्या खुणांसकट, आणि टँकर एकाही फोटोत नव्हता. शिवाय फोटो काळेपांढरे, त्यात लालसर पाणी आणि चांगलं पाणी एकसारखंच करडं. अधिकारी म्हणाला, दोन तपासनिसांच्या सह्यांचा अहवाल आणा, नाहीतर टँकर ओततानाचा फोटो आणा. एकट्या बाईच्या सहीवर मी कंपनीच्या दारात जाऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. "नलू, वाचून बघ. कुठं चुकलं असेल तर सही करू नकोस." कुठंही चुकलेलं नव्हतं. मला नोकरीत कायम करण्याचा कागद दोन महिन्यांनी निघणार होता. मी तेच सांगितलं. म्हणाले, "ताई, माझं कायम व्हायचं आहे." त्या म्हणाल्या, "बरं." कागद उचलला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि समोरचं भांडं धुवायला घेतलं. त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी भित्री होते आणि मला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली तरी मी सही केली नाही. इतकं सरळ आहे ते.

त्या रविवारी मी तरीही त्यांच्याबरोबर गेले. सही न केल्याची भरपाई म्हणून असेल. जानेवारीचं ऊन छान पडलं होतं आणि तळ्यावर एकही पक्षी नव्हता. एक टिटवीसुद्धा नाही. साडेआठला टँकर आला. बाळारामने नळी पाण्यात सोडली, वरचं झडपेचं चाक फिरवलं आणि बिडी काढली. ताई गवतातून उठल्या आणि कॅमेरा हातात घेऊन उघड्यावरून सरळ त्याच्याकडे चालत गेल्या. त्यांना लपून फोटो काढता येत नसे असं नाही, आयुष्यभर तेच केलं होतं त्यांनी. पण लांबून टँकरचा नंबर नीट आला नसता.

बाळारामने त्यांना येताना पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "ताई, आज पाखरा नाय वाटतं. मंग आज माजा काढा."

"काढते," ताई म्हणाल्या.

त्याने बिडी टाकली. खिशातून कंगवा काढून भांग पाडला, शर्टाची वरची गुंडी लावली. मग टँकरला टेकून उभा राहिला, एक हात त्या चाकावर. मागे नळीच्या तोंडाशी पाणी उसळतच होतं. "असा चालंल?"

"हो. तसाच राहा," ताई म्हणाल्या. "हात तिथंच ठेव."

त्यांनी तीन फोटो घेतले. तीनच. बाळाराम तिन्ही वेळा हसला. मी बाभळीपाशी उभी होते. मला ओरडून त्याला सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलं नाही, म्हणजे त्या महिन्यात मी दोनदा गप्प बसले.

लछूभाईंनी फोटो धुतले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "दीदी, इतने साल में पहला आदमी, और क्या हँसा है. इसको एक कॉपी दे देना, घर में लगाएगा." त्यांनी एक प्रत आपल्याकडून जास्तीची काढून दिली. कॅम्पातल्या त्या गर्दीच्या रस्त्यावर, कापडाच्या गाठी आणि हातगाड्यांमधून चालताना मी ताईंना विचारलं, "बाळारामला सांगणार ना?"

"सांगितलं तर तो पुढच्या वेळी येणार नाही. टँकर दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यावर जाईल, आणि हे इथलं कधी कुणाला कळणारच नाही." थोडं चालून त्या पुन्हा म्हणाल्या, "त्याच्यावर काही येणार नाही, नलू. तो हुकमाचा नोकर. गेटवरच्या वहीत हाच नंबर आहे, आणि वही कंपनीची आहे." त्या हे मला समजावत होत्या की स्वतःला, ते मला तेव्हा समजलं नाही. फोटो त्यांनी आठवडाभर घरात ठेवला. मग कल्याणला नेऊन दिला.

पुढचं फार भराभर झालं. कचेरीतून माणसं आली. गेटवरची ती वही सापडली नाही. कंपनीने लिहून दिलं की ड्रायव्हरने डिझेल वाचवायला परस्पर हा प्रकार केला, कंपनीला आणि ठेकेदाराला याची कल्पना नव्हती. पुराव्याला फोटो होताच. त्यात ना साहेब होते, ना ठेकेदार. भांग पाडलेला, हसणारा एक माणूस होता आणि त्याचा हात चाकावर होता. बाळारामला पोलिसांनी नेलं, चार दिवसांनी सोडलं, नोकरी गेली. तो चौकीत सगळ्यांना सांगत होता म्हणे, "साहेब म्हनला धुवनाचा पानी हाय. मी माजे घरचं पानी नासवीन काय?" त्याला त्यात काय होतं हे खरोखरच ठाऊक नव्हतं.

कंपनीने ताईंना पत्र दिलं. दक्षतेबद्दल अभिनंदनाचं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. ताईंनी पत्र घेतलं, जागेवर आल्या, भांडी तीन वेळा धुतली आणि महिनाअखेरीस राजीनामा दिला. माझा कायम झाल्याचा कागद त्याच आठवड्यात आला.

टँकर बंद झाला, ओतलेलं पाणी मात्र गाळात बसलेलं होतं. मार्चमध्ये विहीर आटली. ताई वाडीत जाऊन दारोदार सांगत फिरल्या की यंदा तळ्यात खड्डे खणू नका, ते पाणी पिऊ नका, पंचायतीकडे टँकर मागा, मी अर्ज लिहून देते. कोण ऐकणार त्यांचं? वाडीच्या हिशेबी ताई म्हणजे बाळारामला फसवून फोटो काढणारी बाई. जमीन मोजायला आलेली बाई, असंही पुन्हा बोललं जायला लागलं. तळं विषारी म्हणून बदनाम करायचं, लोकांना उठवायचं, आणि जागा बिल्डरला द्यायची, अशी गोष्ट तयार झाली, आणि खरं सांगते, ती गोष्ट आमच्या खऱ्या गोष्टीपेक्षा पटण्यासारखी होती. एका बाईने तर तोंडावर म्हटलं, "आता ही आमाला पानी भरू नको सांगनार."

एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरी गेले. आई म्हणाल्या, ती रोज पहाटे जाते. मी थांबले. दुपारी ताई आल्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, नखं तुटलेली. मी म्हणाले, "ताई, सोडा आता. तुम्ही सांगितलंत, ते ऐकत नाहीत. तुमचा काय दोष?"

त्या पाय धुवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझी आजी तळ्याच्या काठाला उभी राहायची. खाली उतरायची परवानगी नव्हती. कुणी वरून ओतलं तर मिळायचं. दिवसदिवस थांबायची." मग पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. "आणि आता मी बायकांना पाण्यावरून हाकलते. मलाच माझं ऐकवत नाही, नलू. त्यांना कसं ऐकवेल?" आईंनी आम्हाला चहा दिला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या रविवारी. त्यानंतर त्या आईला घेऊन भावाकडे नागपूरला गेल्या, आणि काही वर्षांनी ताई वारल्याचं कळलं ते पोस्टकार्डाने. वाडीत त्या उन्हाळ्यात आणि पुढे काय झालं, ते विचारायला मी कधी गेले नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्या सकाळी मी बांधावर उभी होते. तळ्यात पाणी नव्हतं, नुसता तडकलेला गाळ, आणि मधल्या ओल्या भागात खणलेले दहा-बारा खड्डे. सरोजताई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी एक खड्डा बुजवत होत्या. तो बुजवला की पुढचा. त्यांच्या मागून दोन बायका येत होत्या आणि बुजवलेले खड्डे पुन्हा उकरत होत्या. कोणी कोणाशी भांडत नव्हतं.

हिरा हंडा घेऊन आली. ताई ज्या खड्ड्यापाशी होत्या तिथंच येऊन उभी राहिली. ताईंनी मान वर केली. "हिरा, हे पाणी नेऊ नकोस. तुझ्या पाया पडते."

"झाला का ताई तुमचा?" हिरा म्हणाली. "मंग जरा सरका."

ताई सरकल्या नाहीत. हिराने हंडा खाली ठेवला, त्यांच्यापासून दोन हातांवर बसली आणि खणायला लागली. थोड्या वेळात खड्ड्यात पाणी आलं. ते निवळेपर्यंत ती बसून राहिली. मग तिने पहिली वाटी भरली. ती हंड्यात ओतली नाही. ताईंच्या डोळ्यांत बघत ती सावकाश स्वतःच प्यायली.